लक्षात राहिलेला डाव आणि विसरलेले डाव

आज समोर नांदेड-लातूरकडचे श्रोते बरेच आहेत, म्हणून आपल्याच भागातल्या एका ताज्या प्रसंगापासून सुरुवात करू.

२० जुलै २०२५. लातुरात एका पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांची पत्रकार परिषद चालली होती. काही कार्यकर्ते आत आले आणि त्यांनी टेबलावर पत्ते टाकले. तत्कालीन कृषिमंत्री सभागृहात बसून मोबाइलवर रमी खेळत होते, असा आरोप होता. मंत्र्यांनी तो नाकारला होता. पत्ते टाकणाऱ्यांना नंतर मारहाण झाली आणि ती बातमी राज्यभर गाजली. त्या राजकारणात आम्हाला शिरायचं नाही. आमचं लक्ष गेलं ते टेबलावरच्या पत्त्यांकडे. शेतकऱ्यांच्या प्रश्नावर जाब विचारायला माणसं पत्ते घेऊन आली, कारण पत्ता म्हटला की आपल्याला नशीब आणि रिकामपण आठवतं. आणि गंमत बघा, ज्या रमीवरून हे सगळं घडलं, तिला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अर्धशतकापूर्वीच कौशल्याचा खेळ म्हटलेलं आहे.

मग पत्ते हे नशीब की कौशल्य? हा प्रश्न आपल्या मातीत जुना आहे. नांदेड जिल्हा आणि आजचा लातूर जिल्हा हे दोन्ही १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८२ साली. निजामाच्या राज्यात जुगाराचा स्वतंत्र कायदा होता, फसली सन १३०५ चा, म्हणजे साधारण १८९५-९६ चा. तिकडे मुंबई इलाख्यात १८८७ चा कायदा होता. त्यात एक छोटं कलम असं की, निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. पुढची सगळी भांडणं या ‘निव्वळ कौशल्य’ शब्दांभोवती झाली.

मराठवाडा १९५६ साली मुंबई राज्यात आला, पण निजामी कायदा हैदराबादकडे चालूच राहिला. १९६३ साली सिकंदराबादच्या एका क्लबवर पोलिसांनी छापा घातला. लोक पैसे लावून रमी खेळत होते. खालच्या न्यायालयात शिक्षा झाली, उच्च न्यायालयात सुटका झाली, आणि प्रकरण दिल्लीला गेलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. त्याचा सारांश असा: रमी ही तीन पत्तीसारखी केवळ नशिबावर चालत नाही. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं आणि कोणतं टाकायचं याला अक्कल लागते, म्हणून तो मुख्यतः कौशल्याचा खेळ.

याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. क्लबचा मालक जर या खेळातून नफा काढत असेल, तर गुन्हा सिद्ध होऊ शकतो, असंही न्यायालयाने म्हटलं होतं. हे वाक्य ध्यानात ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता ‘लक्षात ठेवणं’ या शब्दांवर थोडं थांबू. चालू डावात पडलेली पानं लक्षात ठेवणं वेगळं आणि आयुष्यातला एखादा डाव लक्षात राहणं वेगळं. पहिलं कौशल्य आहे. दुसरं मनाचा स्वभाव आहे. आम्हाला आज एवढंच सांगायचं आहे की, लक्षात राहिलेला डाव हा वाईट शिक्षक असतो. खरं शिक्षण विसरलेल्या डावांच्या मोजणीत असतं.

तीन पत्तीच घ्या. गणपतीच्या जागरणात, दिवाळीत, लग्नघरी आपण सगळ्यांनी पाहिलेली. ५२ पानांतून तीन पानांचे प्रकार किती? ५२ गुणिले ५१ गुणिले ५०, भागिले ६. उत्तर २२,१००. यात ट्रेल, म्हणजे तीन एक्के, तीन राजे असं काही, येण्याचे प्रकार ५२. म्हणजे ४२५ डावांत सरासरी एकदा. आणि एकाच रंगाची सलग तीन पानं, म्हणजे पक्का सिक्वेन्स, याचे प्रकार ४८. आता बघा, पक्का सिक्वेन्स ट्रेलपेक्षा दुर्मीळ आहे, तरी आपल्या प्रथेत ट्रेल वरचढ! का? तीन एक्के दिसायला भारी दिसतात. खेळणाऱ्यांनी पानांची थोरवी डोळ्यांनी ठरवली, मोजून नाही.

मोजायची विद्या आपल्याकडे नव्हती असं मात्र नाही. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ रचली. तिच्या अंकपाश प्रकरणात असा प्रश्न आहे की, शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून दिली तर मूर्ती किती होतील? उत्तर ३६,२८,८००. विष्णूची चार आयुधं अशीच बदलली तर २४. पत्त्यांचा हिशोब हा याच विद्येचा धाकटा भाऊ. लातूरच्या शिकवणीतला बारावीचा कुठलाही पोरगा तो दोन मिनिटांत करून दाखवेल. परीक्षेत करेल. मोबाइलवर बोट ठेवताना करेल का, हा प्रश्न आहे.

त्याहून जुनी गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे. नळ राजा द्यूतात राज्य हरतो आणि वेश बदलून, बाहुक नावाने, ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे जाताना वाटेत बेहड्याचं झाड लागतं. ऋतुपर्ण रथातूनच त्याची पानं आणि फळं किती ते सांगतो. नळाचा विश्वास बसत नाही. तो झाड तोडून मोजतो, आणि संख्या जुळते! मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय शिकवतो, नळ बदल्यात घोड्यांची विद्या देतो. पुढे नळ पुन्हा पुष्कराशी खेळतो आणि राज्य मिळवतो. जुने फासे बेहड्याच्या फळांचे असत, हेही इथे आठवावं. फाशांचं मर्म आणि झाडावरची मोजणी कथेने एकाच विद्येत बांधली. युरोपात पास्कल आणि फर्मा यांनी अर्धवट राहिलेल्या डावाच्या वाटणीवरून पत्रव्यवहार केला तो १६५४ साली. तिथून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं.

आता आपल्या काळात येऊ. १९९८ पासून पैसे लावून पोकर इंटरनेटवर खेळला जाऊ लागला. २००३ मध्ये अमेरिकेतला ख्रिस मनीमेकर नावाचा हिशेबनीस शंभर डॉलरहूनही कमी रकमेची ऑनलाइन स्पर्धा जिंकला. त्यातून त्याला लास वेगासच्या मोठ्या स्पर्धेत जागा मिळाली. खेळाडू ८३९. शेवटी समोर सॅमी फारहा हा मुरलेला खेळाडू. एका डावात मनीमेकरच्या हातात काहीच जमलेलं नव्हतं, फारहाकडे नव्वांची जोडी होती. मनीमेकरने सगळे पैसे पुढे सरकवले. फारहाने विचार केला आणि पानं टाकून दिली. मनीमेकर ती स्पर्धा जिंकला, २५ लाख डॉलर घेऊन गेला.

हा डाव जगभर पाहिला गेला. पुढच्या वर्षी त्या स्पर्धेत २,५७६ खेळाडू आले, २००६ मध्ये ८,७७३. लोकांनी त्यातून काय घेतलं? ‘आपल्यासारखा साधा माणूसही जिंकू शकतो.’ हे खरं आहे. पण त्याच वर्षी ८३८ जण जिंकले नाहीत, त्यांतल्या किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत?

दुसरा डाव पूर्णपणे ऑनलाइनचा. नोव्हेंबर २००९ मध्ये फिनलंडचा पॅट्रिक अँटोनियस आणि ‘इसिल्डर१’ या टोपणनावाचा एक अनोळखी खेळाडू समोरासमोर आले. एका डावात १३ लाख ५० हजार डॉलरहून जास्त रक्कम जमली आणि ती अँटोनियसने जिंकली. तो टोपणनावाचा माणूस स्वीडनचा व्हिक्टर ब्लॉम होता, हे नंतर उघड झालं. ऑनलाइन पोकरमधल्या गाजलेल्या डावांत हा डाव हमखास निघतो.

पण आमच्या मते शिकण्यासारखी गोष्ट त्यानंतरची आहे. डिसेंबर २००९ मध्ये ब्रायन हेस्टिंग्ज या खेळाडूने ब्लॉमकडून काही तासांत सुमारे ४२ लाख डॉलर जिंकले. कसे? त्याच्या सहकाऱ्यांनी ब्लॉमच्या हजारो डावांची नोंद जमवून तिचा अभ्यास केला होता. अशा नोंदी वाटून घेण्यावरून पुढे वादही झाला. पण बघा, ज्या डावांची कुणी आठवण ठेवली नाही, त्या हजारो कंटाळवाण्या डावांनी गाजलेल्या खेळाडूला हरवलं. बेहड्याची पानं मोजली गेली.

ही मोजणी कशी असते, ते एका उदाहरणाने बघू. समजा, पोकरमध्ये तुमची दोन आणि टेबलावरची तीन अशी पाच पानं तुम्हाला दिसली. त्यांत चार बदामाची आहेत. पाचवं बदाम आलं तर तुम्ही जिंकणार, नाहीतर हरणार. न दिसलेली पानं ४७, त्यांत बदाम ९. टेबलावर ४०० रुपये जमलेत आणि पुढचं पान बघायला तुम्हाला १०० रुपये घालायचे आहेत. घालावेत का? ४७ वेळा अशीच वेळ आली असं धरा. सरासरी ९ वेळा तुम्ही ४०० जिंकाल, झाले ३,६००. आणि ३८ वेळा १०० हराल, झाले ३,८००. एकूण २०० रुपये तोटा. थोडासाच, पण तोटाच. आता मनाचं काय होतं? बदाम पडलं, टाळ्या पडल्या, ते ९ डाव लक्षात राहतात. ३८ वेळा शंभराची नोट गेली, ती जाता जाता गेली. वर्षअखेरीस माणूस म्हणतो, ‘आपला हात चांगला चालतो.’

आणि इथेच आपण क्लबच्या नफ्याकडे परत येतो. ऑनलाइन पोकरमध्ये चालवणारी कंपनी जमलेल्या रकमेतून आपला हिस्सा कापते. समजा हा हिस्सा शंभराला पाच आहे, आणि दहा जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. सगळे सारखेच हुशार. सगळी रक्कम एकदा डावांतून फिरली की १०,००० चे ९,५०० राहतात. चौदा वेळा फिरली की ४,९०० सुद्धा उरत नाहीत. कुणीही मूर्खपणा केला नाही, कुणाचं नशीब फुटलं नाही, तरी निम्म्याहून जास्त पैसा टेबलावरून गेला. म्हणजे नुसतं कौशल्य असून भागत नाही. समोरच्यापेक्षा जास्त कौशल्य हवं, आणि तेही हा हिस्सा भरून वर उरेल इतकं. सगळेच एकमेकांपेक्षा जास्त हुशार असू शकत नाहीत, हे तर सरळच आहे.

‘कौशल्याचा खेळ’ या शब्दांत हा हिशोब दिसत नाही. जाहिरातीत १९६७ च्या निकालातलं कौशल्य आलं, त्याच निकालातली नफ्याची अट आली नाही. लातुरात पत्ते उधळले गेले, त्यानंतर महिन्याभरात, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, पुरवायलाच बंदी घातली. शिक्षेचा रोख खेळणाऱ्यावर नाही, चालवणाऱ्यावर आणि जाहिरात करणाऱ्यावर आहे. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिलं गेलं. तो योग्य की अयोग्य यावर मतं वेगळी असू शकतात. इतिहास म्हणून एवढं नोंदवू, की १८८७ पासून चालत आलेला ‘नशीब की कौशल्य’ हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला आणि ‘पैसा लागलाय का’ हा प्रश्न पुढे आणला.

या विषयावर बोललो की आपल्याकडे कुणीतरी हमखास विचारतं, ‘साहेब, आमची शेतीही जुगारच आहे की. मृगाचा पाऊस पडला तर सोयाबीन, नाहीतर काय?’ प्रश्न खोटा नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. पण शेतीतली जोखीम शेतकऱ्याने हौसेने मांडलेली नसते. तिच्यातून धान्य निघतं, कुणाच्या तरी ताटात पडतं. पत्त्यांच्या टेबलावर नवीन काही पिकत नाही. एकाचे दुसऱ्याकडे जातात, आणि मधल्यामधे हिस्सा कापला जातो. शेतीत हरलेला माणूस रात्री मोबाइलवर ते भरून काढायला बसतो, तेव्हा तो एका जोखमीवर दुसरी चढवतो. ही गोष्ट घराघरात हळू आवाजात बोलली जाते, म्हणून इथे मोठ्याने बोललो.

पत्ते खेळू नका असं आम्ही म्हणत नाही. मेंढीकोट खेळा, बिनपैशाची रमी खेळा, पडलेली पानं लक्षात ठेवा, डोकं चालतं. घरात मुलं असतील तर त्यांना ते ४७ पानांचं उदाहरण वहीत करायला लावा. आणि कुणी तुम्हाला आपला जिंकलेला डाव रंगवून सांगू लागला, तर आनंदाने ऐका. फक्त शेवटी त्याला विचारा, ‘बाकीचे किती होते?’