अनवाणी पोरगा, पाच विमानं आणि एक साधं कुलूप

विमान चालवण्याचा एकही रीतसर धडा न घेतलेल्या एका पोरानं दोन वर्षांच्या आत पाच विमानं पळवली. पहिलं सतराव्या वर्षी, पाचवं एकोणिसाव्या. आणि हे घडलं कुठे? अमेरिकेत. ११ सप्टेंबर २००१ नंतर ज्या देशानं विमानात बसायला निघालेल्या आजीबाईंनाही बूट काढायला लावले, त्याच देशात. पोरगा तर अनवाणीच फिरायचा, त्यामुळे काढायला बूटही नव्हते!

विनोद बाजूला ठेवू. ही गोष्ट सांगावीशी वाटते, कारण 'सुरक्षा' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं आणि सुरक्षा प्रत्यक्षात ज्यावर चालते, त्यात फार अंतर आहे. ते अंतर या पोरानं सगळ्या जगाला दाखवलं.

त्याचं नाव कोल्टन हॅरिस-मूर. जन्म मार्च १९९१. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन राज्य आहे, तिथल्या कमॅनो नावाच्या बेटावर एका मोबाइल होममध्ये तो वाढला. बाप सोडून गेलेला, आई दारूच्या आहारी. चोरीचा माल बाळगल्याबद्दल पहिली शिक्षा झाली तेव्हा वय १२. पुढे रिकाम्या सुट्टीघरांत शिरायचं, खायचं-प्यायचं, हाताला लागेल ते उचलायचं आणि जंगलात गायब व्हायचं, हा त्याचा क्रम. २००७ मध्ये घरफोड्यांसाठी तीन वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २००८ मध्ये सिएटलजवळच्या रेंटन इथल्या बालगुन्हेगारांच्या खुल्या वसतिगृहातून तो निघून गेला. भिंत नाही फोडली, भुयार नाही खणलं. नुसता चालत गेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑर्कस बेटावरच्या छोट्या धावपट्टीवरून एक सेस्ना १८२ नाहीसं झालं. ते कॅस्केड पर्वत ओलांडून पलीकडे, याकामा आदिवासींच्या राखीव भूमीत मोडक्या अवस्थेत सापडलं. आत कोणी नव्हतं. सप्टेंबर २००९ मध्ये फ्रायडे हार्बरहून एक सिरस एसआर२२ गेलं. त्याच महिन्याच्या शेवटी आयडाहो राज्यातून आणखी एक सेस्ना. फेब्रुवारी २०१० मध्ये अनाकोर्टेसहून पुन्हा एक सिरस. तेव्हा शेजारच्या व्हँकूव्हरमध्ये हिवाळी ऑलिंपिक एक-दोन दिवसांवर आलं होतं आणि त्या भागातल्या आकाशावर कडक निर्बंध घातले जात होते. हे विमान ऑर्कसवर उतरलं आणि त्या रात्री तिथलं किराणा दुकान फुटलं. दुकानाच्या फरशीवर खडूनं काढलेली अनवाणी पावलं आणि 'येतो मग' अशा अर्थाचा निरोप!

मग तो पूर्वेकडे सरकला. वाटेत गाड्या चोरत, बदलत इंडियाना राज्यापर्यंत पोचला. ४ जुलै २०१०, अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या दिवशी ब्लूमिंग्टनहून एक सेस्ना ४०० उडालं आणि दीड हजारांहून जास्त किलोमीटर कापून बहामाजमधल्या ग्रेट अबाको बेटाच्या किनाऱ्यालगत पाण्यात आदळलं. आठवड्याभरानं, ११ जुलैच्या पहाटे, चोरलेल्या बोटीतून पळताना पोलिसांनी बोटीच्या इंजिनावर गोळ्या झाडून त्याला हार्बर आयलंडजवळ पकडलं. बहामाजच्या कोर्टानं बेकायदा प्रवेशाबद्दल दंड किती केला? ३०० डॉलर. दंड भरला गेला आणि साहेबांची अमेरिकेत पाठवणी झाली.

आता मूळ प्रश्न. हे शक्य कसं झालं?

आपल्या डोक्यात विमानतळ म्हणजे मुंबई किंवा दिल्लीचा. दाराशी बंदूकधारी जवान, ओळखपत्र, क्ष-किरण यंत्र, पुन्हा तपासणी. आपल्याकडे कंदाहार प्रकरणानंतर, २००० सालापासून, विमानतळं सीआयएसएफकडे जाऊ लागली. शिवाय छोट्या विमानालाही साधारणपणे उड्डाणाआधी हवाई संरक्षणाची मंजुरी घ्यावी लागते. अमेरिकेत छोट्या विमानांचं जग वेगळं आहे. तिथे सार्वजनिक वापराचे सुमारे ५,००० विमानतळ आहेत, आणि त्यांतल्या साधारण दहातल्या एकावरच नियमित प्रवासी विमानसेवा आहे. बाकीच्या ठिकाणी एक धावपट्टी, काही हँगर, एक पेट्रोलचा पंप, बस्स. बऱ्याच ठिकाणी कंट्रोल टॉवर नाही, पहारेकरी नाही. हवामान स्वच्छ असेल आणि नजरेच्या भरवशावर उडायचं असेल, तर अशा ठिकाणाहून निघताना कोणाची परवानगी लागत नाही, उड्डाणाचा आराखडा देणंही बंधनकारक नाही. शेतकरी ट्रॅक्टर काढतो तसं विमान काढायचं आणि जायचं.

आणि किल्ली? छोट्या विमानाची किल्ली जुन्या मोटारीच्या किल्लीसारखीच. पासवर्ड नाही, अंगठ्याचा ठसा नाही. हँगरचं दार पहारीनं उचकटलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं या पोरानं पुस्तकं आणि संगणकावरच्या उड्डाणाच्या खेळांतून शिकून घेतलं. विमान उडवणं त्यातल्या त्यात सोपं, उतरवणं अवघड, असं वैमानिक सांगतात ते खोटं नाही. पाचपैकी तीन वेळा विमान मोडूनच खाली आलं. तो जिवंत राहिला हे निव्वळ नशीब. खाली कोणाच्या घरावर पडला नाही, हे त्या लोकांचं नशीब.

विमान पळवणारा हा काही पहिला नव्हता. हा इतिहास मला फार बोलका वाटतो. १९५६ मध्ये टॉमी फिट्झपॅट्रिक नावाच्या एका गड्यानं दारूच्या गुत्त्यात पैज लावली, न्यू जर्सीच्या टेटरबरो विमानतळावरून छोटं विमान उचललं आणि मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्कच्या भर रस्त्यावर, गुत्त्याजवळ उतरवलं. लोकांनी तोंडात बोटं घातली. मालकानं तक्रारच केली नाही. शिक्षा काय, तर १०० डॉलर दंड. दोन वर्षांनी कोणीतरी म्हणालं, 'तू? शक्यच नाही!' म्हणून पठ्ठ्यानं पुन्हा तेच केलं. तेव्हा मात्र सहा महिने आत बसवला.

१९९४ मध्ये एका माणसानं मेरीलँडमधून सेस्ना १५० चोरलं आणि रात्री थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर आपटलं. तो मेला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन त्या रात्री दुसऱ्या इमारतीत झोपले होते. जानेवारी २००२ मध्ये, ९/११ ला चार महिनेही झाले नव्हते, तेव्हा फ्लोरिडात विमान शिकणाऱ्या १५ वर्षांच्या मुलानं शिकाऊ सेस्ना परवानगीशिवाय उडवलं आणि टॅम्पातल्या बँकेच्या उंच इमारतीवर घातलं. मुलगा गेला. इमारतीतलं बाकी कोणी दगावलं नाही.

आता क्रम बघा. विमानं थोड्याफार फरकानं तीच, कुलपंही तशीच. पण १९५६ ला जे कृत्य 'काय अवलादीचा माणूस आहे!' म्हणून हसण्यावारी गेलं, त्याच्याकडे २००२ नंतर कोणीही हसून पाहू शकत नव्हतं. मधल्या काळात विमान हे शस्त्र म्हणून वापरलं गेलं होतं.

मग सरकारनं काय केलं? मोठ्या विमानतळांवर पैसा ओतला. छोट्या विमानतळांसाठी वाहतूक सुरक्षा विभागानं २००४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. विमानाला कुलूप लावा, दिवे लावा, अनोळखी माणसावर नजर ठेवा. सूचनाच त्या, सक्ती नव्हे. वैमानिकांच्या संघटनेनं शेजारपाजाऱ्यांनी गस्त घालावी तशी योजना सुरू केली, फोन नंबर दिला. २००८ मध्ये सरकारनं थोड्या मोठ्या खासगी विमानांवर कडक नियम आणायचं ठरवलं, तर हजारो हरकती आल्या आणि तो प्रस्ताव मागे पडला. २००९ मध्ये गृहसुरक्षा खात्याच्याच महानिरीक्षकांनी अहवाल दिला, की या छोट्या विमानांपासूनचा धोका मर्यादित आणि बहुतांशी कल्पनेतला आहे.

हा अहवाल आला तेव्हा आमचा अनवाणी एक विमान उडवून मोकळा झाला होता. त्यामुळे 'बघा, सरकार झोपलं होतं' असं म्हणायचा मोह होतो. मी तसं म्हणणार नाही. सेस्ना १८२ भरून भरून किती भरेल? दीड टनाच्या आतच. ९/११ ला इमारतींवर घातलेली विमानं याच्या शंभरपट वजनाची होती. टॅम्पातल्या घटनेनं तो फरक दाखवलाच होता. पाच हजार धावपट्ट्यांना काटेरी कुंपण आणि बंदूकधारी पहारा द्यायचा म्हटला, तर त्या धावपट्ट्याच बंद पडतील. अनेक बेटांवर आजारी माणसाला न्यायला तेच विमान येतं. म्हणजे अहवालाचं मोजमाप चुकीचं नव्हतं. पण मोठा धोका नाही, याचा अर्थ कुलूपही नको, असा होत नाही. पंख्याला किंवा थ्रॉटलला लावायचं कुलूप मिळतं, त्याला विमानाच्या किमतीच्या मानानं किरकोळ पैसे लागतात. पहिली चोरी झाल्यावर त्या बेटांवर प्रत्येकानं ते लावलं असतं, तर पुढच्या चोऱ्या निदान अवघड झाल्या असत्या.

दुसरी गोष्ट लोकांच्या वागण्याची. पोरगा पळत होता तेव्हा फेसबुकवर त्याच्या चाहत्यांची संख्या हजारोंनी वाढत होती. त्याचे टी-शर्ट विकले गेले. एका गावात प्राण्यांच्या दवाखान्याबाहेर त्यानं १०० डॉलर आणि चिठ्ठी ठेवली, ती बातमी तर डोक्यावर घेतली गेली. एफबीआयनं १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं, त्यानं वलय आणखी वाढलं. आपल्याला हे नवीन नाही. श्रीमंताला लुटणारा आणि पोलिसांना चकवणारा म्हटला की गावोगावी कौतुक होतं.

पण ज्यांचं गेलं त्यांना विचारा. या बेटांवर लोक रात्री दार उघडं ठेवून झोपायचे. दोन वर्षांत ती सवय गेली. अंधारात पाचोळा वाजला तरी लोक दचकायला लागले. नुकसानीचा आकडा दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. विमानाला विमा असतो. निर्धास्त झोपेला नसतो.

डिसेंबर २०११ मध्ये राज्याच्या न्यायालयानं त्याला सात वर्षांहून जास्त शिक्षा दिली, पुढच्या महिन्यात केंद्रीय न्यायालयानं साडेसहा वर्षं, दोन्ही एकत्र भोगायच्या. राज्याच्या न्यायाधीशबाईंनी त्याच्या बालपणाचा तपशील वाचून म्हटलं, की हे प्रकरण बऱ्याच अर्थांनी शोकांतिका आहे, पण दुसऱ्या अर्थानं माणसाच्या जिद्दीचा विजयही आहे. त्यानं पश्चात्तापाचं पत्र लिहिलं होतं. आणि त्याच पोरानं तुरुंगातून लिहिलेल्या मेलमध्ये पोलिसांची टिंगल केली होती, हेही पुढे आलं. दोन्ही खरं असू शकतं, वय वीसच होतं. सिनेमा कंपनीनं त्याच्या कथेसाठी देऊ केलेली १३ लाख डॉलरची रक्कम पीडितांच्या भरपाईसाठी ठेवली गेली. हे मला सगळ्यात न्याय्य वाटतं. २०१६ मध्ये तो बाहेर आला.

ऑगस्ट २०१८ मध्ये याच राज्यात, सिएटलच्या मोठ्या विमानतळावर, दुसरी घटना घडली. कुंपण, कॅमेरे, ओळखपत्रं, सगळं असलेल्या ठिकाणी. जमिनीवरची कामं करणाऱ्या एका कर्मचाऱ्यानं ७६ आसनांचं रिकामं विमान उडवलं. मागे एफ-१५ लढाऊ विमानं धावली. तासाभरानं एका छोट्या बेटावर विमान कोसळलं, तो गेला. त्यानं कुंपण ओलांडलं नव्हतं, कुलूप तोडलं नव्हतं. त्याच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. त्या दिवशी तो कामावर कोणत्या मनःस्थितीत आलाय, हे कुठल्याही यंत्रात दिसलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कुलूप लावा, जरूर लावा. किल्ली विमानात ठेवू नका. धावपट्टीशेजारी अनोळखी पोरगं रेंगाळताना दिसलं तर विचारा. पण या सगळ्या विमानांच्या आधी एक दार उघडं राहिलं होतं, ते १२ वर्षांच्या मुलाच्या घराचं. त्या घराबद्दल बालकल्याण खात्याकडे वारंवार तक्रारी गेल्या होत्या. शाळेनं त्याला पाहिलं होतं, पोलिसांनी पाहिलं होतं, कोर्टानं पाहिलं होतं. पुढे त्याला शोधायला हेलिकॉप्टरं फिरली, कुत्री फिरली, एफबीआय फिरली. त्यातला थोडा खर्च आणि थोडी माणसं सात-आठ वर्षं आधी त्या मोबाइल होमच्या दाराशी गेली असती तर?

पोरगा सुधारलाच असता, अशी हमी मी देणार नाही. पण विमानं आणि आकाश यांचं एवढं वेड असलेल्या मुलाला कोणी बोट धरून फ्लाइंग क्लबात नेलं असतं, तर निदान त्याला उतरवायला तरी शिकवलं असतं.

तुम्हाला काय वाटतं, लिहा.