पदपथावरील बिऱ्हाड

ज्याला घर नाही त्याच्यासाठी आपल्या भाषेत शब्दांचा तोटा नाही. निराश्रित, उपरा, भणंग, बेवारशी. यांपैकी काही शब्दांत दया आहे, काहींत तिरस्कार. परंतु तो मनुष्य दिवसभर काय करतो, हे त्यांतील एकही शब्द सांगत नाही. मुंबईच्या पदपथांचा इतिहास चाळू लागलो तेव्हा ही उणीव आम्हांस प्रथम जाणवली. कारण त्या इतिहासातील बेघर मनुष्य बहुधा कष्टकरी आहे, आणि तो रस्त्यावर राहतो तो काम नाही म्हणून नव्हे, तर काम तेथून जवळ आहे म्हणून.

मुंबईने मजुराला नेहमीच हाक मारली. छप्पर मात्र क्वचित दिले. १८९६ साली प्लेग आला आणि शहरातील दाटीकडे सरकारचे लक्ष वेधले. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, कोंदट वस्त्या पाडल्या. परंतु जी माणसे उठली, त्यांपैकी पुष्कळ शेजारच्या गल्लीत अधिकच दाटीने राहू लागली. पुढे १९२० साली निघालेल्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे चाळी बांधल्या. एकेका खोलीत अख्खे कुटुंब नांदू लागले. ज्यांच्या वाट्यास चाळीचा व्हरांडाही आला नाही, त्यांनी पदपथावर पथारी टाकली.

अशा माणसास आधार देण्याची आपली जुनी रीत म्हणजे धर्मशाळा आणि सदावर्त. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) स्वतः अंगावर चिंध्या व हाती गाडगे ठेवून पंढरपूर, नाशिक, आळंदी इत्यादी ठिकाणी धर्मशाळा उभ्या करविल्या. त्यांचे हे ऋण महाराष्ट्र विसरणार नाही. तथापि धर्मशाळा ही वाटसरूसाठी असते; त्याला परत जावयास गाव आहे, हे तिने गृहीत धरलेले असते. ज्याचा मुक्काम जन्मभराचा, त्याने काय करावे, या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते.

हा प्रश्न १९८१ च्या जुलैत उघडा पडला. पदपथावरील सर्व लोकांना उठवून आपापल्या गावी पाठवावे, असे तत्कालीन मुख्यमंत्री अंतुले यांनी भर पावसाळ्यात जाहीर केले. तमिळनाडूच्या सेलम जिल्ह्यातून कामाच्या शोधात आलेल्या एका भूमिहीन मजुराचे बिऱ्हाड मोडण्यात आले, आणि त्याला कुटुंबासह सेलमच्या बसमध्ये बसविण्यात आले. बायकामुले तिकडे राहिली. तो मात्र कामासाठी मुंबईस परतला आणि पुन्हा पदपथावरच राहू लागला. गावात पोट भरले असते तर तो मुळात आलाच नसता, हे सांगावयास याहून मोठा पुरावा कोणता हवा?

ओल्गा टेलिस या पत्रकार बाई व काही पदपथवासी यांनी केलेल्या अर्जांवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १० जुलै १९८५ रोजी निकाल दिला. तो लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हे मराठी होते. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. उपजीविकेचे साधन हिरावून घेतले तर जीवच हिरावून घेतल्यासारखे होते, असे तत्त्व त्यांनी मांडले. परंतु पदपथ चालणाऱ्यांसाठी आहे, त्यावर कायमचे घर करण्याचा हक्क कोणास नाही, असेही त्यांनी ठरविले. सामान्यतः आधी नोटीस द्यावी, म्हणणे ऐकावे आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पाऊस सरून एक महिना होईपर्यंत, बिऱ्हाडे मोडू नयेत, एवढाच दिलासा मिळाला. येणेप्रमाणे तत्त्व जिंकले आणि अर्जदार हरले.

हा निकाल अपुरा होता, असे आमचे मत आहे. तरीही तो निष्फळ ठरला नाही. त्याच सुमारास स्पार्क या संस्थेने पदपथावरील कुटुंबांची मोजणी केली. पदपथावरील स्त्रियांची महिला मिलन ही संघटना उभी राहिली. त्या स्त्रियांनी पैपैची बचत केली, आपल्या घराचा आराखडा आपणच आखला. आणि पुढे त्यांतील काही कुटुंबे मानखुर्दला पक्क्या घरांत राहावयास गेली. २०१० साली न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख वस्तीमागे एक रात्रंदिवस चालणारा निवारा असावा, असे सांगितले. तरीही २०११ च्या शिरगणतीत देशभर सतरा लाखांवर माणसे घराविना आढळली.

आपण मध्यमवर्गीय लोक थंडीत घोंगडी वाटतो. ते चांगलेच आहे. परंतु घोंगडी देताना आपण त्या माणसास क्वचितच काही विचारतो. तो कोठे कामास जातो, त्याची मुले शाळेत आहेत काय, पत्ता नाही म्हणून त्याचे शिधापत्रक अडले आहे काय, हे विचारून त्याच्याबरोबर कचेरीची एक खेप घालणे घोंगडीहून अवघड आहे, आणि अधिक उपयोगी आहे. सेलमच्या बसमध्ये त्या मजुराला बसविण्यापूर्वी कोणी इतके जरी विचारले असते, तरी तो परत येणार हे तेव्हाच कळले असते.