मातीचे लहान संत

नाताळच्या दिवसांत वसईकडे किंवा गोव्यात गेलेल्या श्रोत्यांनी मांडलेला गोठा पाहिला असेल. गवताचे छप्पर, गव्हाणीत निजलेला बाळ येशू, शेजारी मरिया आणि योसेफ, बैल, गाढव, दोनचार मेंढपाळ. ही चाल रूढ झाली ती इटलीतल्या एका प्रसंगामुळे असे मानतात. १२२३ साली ग्रेच्चो नावाच्या गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाणीत गवत भरून खराखुरा बैल नि गाढव उभे केले. पुढे जिवंत जनावरांच्या जागी मूर्ती आल्या; लाकडाच्या, मेणाच्या, मोठ्या खर्चाच्या. त्या राहिल्या चर्चमध्ये आणि श्रीमंतांच्या वाड्यांत. गरिबाने त्या लांबून पाहायच्या.

त्या गरिबाच्या घरात कशा आल्या, ते आज सांगायचे आहे. गोष्ट फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हान्स प्रांतातली, मार्सेय बंदरातली.

फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांती झाली हे आपल्या शाळांतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण त्या धामधुमीत गावोगावच्या चर्चना कुलुपे लागली, हे पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकलेले असते. १७९३ च्या अखेरीस पॅरिसचे प्रसिद्ध नोत्र दाम चर्चदेखील ‘बुद्धीचे मंदिर’ म्हणून जाहीर झाले. मार्सेयातही मध्यरात्रीची नाताळची उपासना थांबली आणि चर्चमधला देखावाही थांबला. आता माणसे काय करणार? शंभर वर्षांची सवय हुकमाने थोडीच सुटते! चर्चमध्ये मांडता येत नाही तर घरी मांडू, असे लोकांना वाटले. पण मांडायला मूर्ती कुठून आणायच्या?

ह्या ठिकाणी झाँ-लुई लान्येल (१७६४ ते १८२२) ह्या मार्सेयच्या मूर्तिकाराचे नाव घेतात. ह्या कलेचा तोच जनक, असे सांगण्याची पद्धत आहे. मला विचाराल तर लोककलेला एकच बाप क्वचित असतो. घरगुती देखावे त्याच्या आधीही काही ठिकाणी होत असत. पण त्याचे श्रेय काढून घेण्याचे कारण नाही. त्याने लहान मूर्तीसाठी प्लास्टरचा साचा वापरला आणि साध्या मातीच्या स्वस्त मूर्ती पुष्कळ संख्येने काढल्या. प्रोव्हान्सच्या बोलीत त्यांना ‘सांतून’ म्हणतात, म्हणजे लहानसा संत. फ्रेंचांनी त्याचे ‘सांतों’ केले.

काम कसे चालते ते पाहा. कारागीर पहिली मूर्ती हाताने मातीत घडवतो. तिच्यावरून प्लास्टरचा दोन फाळ्यांचा साचा काढतो. मळलेल्या मातीचा गोळा एका फाळीत अंगठ्याने दाबून भरायचा, वर दुसरी फाळी बसवून जोर द्यायचा. प्लास्टर मातीतले पाणी ओढून घेते, म्हणून मूर्ती थोडी आक्रसते आणि साच्यातून सुटते. मग दोन फाळ्यांच्या सांध्यावर उठलेली मातीची रेघ चाकूने खरवडायची. पुढे आलेला हात, टोपली, काठी हे साच्यात नीट उतरत नाही. ते वेगळे करून पातळ कालवलेल्या मातीने चिकटवायचे. मग सावकाश वाळवण. घाई केली की तडा गेलाच. आपल्याकडे गणपती करणाऱ्या घरांना हे सांगायला नको. सर्वांत शेवटी रंग. दोनतीन इंचांच्या मूर्तीवर डोळा काढायचा म्हणजे हात स्थिर हवा. साचाही कायमचा नसतो. वापरून वापरून नाकडोळे बोथट होतात नि नवा साचा काढावा लागतो.

सुरुवातीच्या मूर्ती भाजत नसत. कच्ची माती, पडली की फुटली. म्हणून स्वस्त होत्या, आणि स्वस्त म्हणूनच घरोघर गेल्या. मार्सेयात सांतोंचा पहिला बाजार १८०३ साली भरला असे सांगतात. तोवर चर्चही पुन्हा उघडली होती. पण घरात आलेला गोठा काही परत गेला नाही.

आता खरी गंमत पुढेच आहे. घरच्या गोठ्यात माणसे कोण ठेवायची? पॅलेस्टाइनचे मेंढपाळ प्रोव्हान्सच्या कुंभाराने कुठे पाहिले होते? त्याने शेजारपाजारची माणसे घडवली. पिठाचे पोते घेतलेला पिठगिरणीवाला, मासळीवाली, धुणेवाली, चाकूकात्र्यांना धार लावणारा, लसूण विकणारी बाई, मुलाच्या खांद्यावर हात ठेवून चालणारा आंधळा. एका हाताने बासरी आणि दुसऱ्या हाताने ढोल वाजवणारा वाजंत्री तर हवाच. गावचे बारा बलुतेदार जसे काही बेथलेहेमला निघाले! प्रत्येकाच्या हाती आपल्या धंद्यातले काहीतरी. ह्यातली पुष्कळ पात्रे प्रोव्हान्सच्या नाताळच्या लोकनाट्यांतूनही ठरत गेली. १८४४ साली आंत्वान मोरेलने बोलीत लिहिलेले नाटक त्यांत विशेष गाजले.

मला सर्वांत आवडतो तो ‘रावी’. गावातला भोळसट माणूस. त्याच्याजवळ बाळाला द्यायला काही नाही. दोन्ही हात वर करून तो नुसता थक्क होऊन उभा आहे. चर्चमधल्या उंची मूर्तींत ह्याला जागा कोणी दिली असती?

पुढे ओबाञ गावची तेरेज नव (१८६६ ते १९४६) ही कारागीर बाई मूर्ती भट्टीत भाजू लागली, तेव्हा त्या टिकाऊ झाल्या. नवी पात्रेही येत राहिली. १९५२ साली एक्स शहरच्या पोल फूकने सोसाट्याच्या वाऱ्यात टोपी धरून, अंगरखा उडवत चाललेला मेंढपाळ केला. त्या भागातल्या ‘मिस्त्राल’ वाऱ्याची ओळख असलेल्या प्रत्येकाला तो लगेच पटला. गिरणीवाला आणि धारवाला रस्त्यावरून केव्हाच गेले, गोठ्यात मात्र दरवर्षी हजर असतात.

प्रोव्हान्समध्ये ४ डिसेंबरला बशीत ओल्या कापसावर गहू पेरतात. आपल्या घटातल्या धान्यासारखेच ते नाताळपर्यंत हिरवे होते, मग गोठ्याजवळ ठेवतात. मोठ्या मूर्ती पुढे, बारक्या मागे डोंगरावर, म्हणजे वाट लांबची दिसते. गव्हाण २४ तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत रिकामी असते. बाळ त्या वेळी ठेवायचे. तीन राजे ६ जानेवारीला पोहोचतात. आणि २ फेब्रुवारीला सगळे गाव कागदात गुंडाळून पुन्हा पेटीत जाते.