तेल कीं खोबरें? : पॅसिफिक बेटांच्या व्यापारांतील एक पुरावा

पॅसिफिक महासागरांतील बेटांशीं एकोणिसाव्या शतकांत जो व्यापार झाला, त्याचे कागद पाहणारास एक फरक सहज दिसतो. शतकाच्या पूर्वार्धांत नारळाचें तेल हा माल असून तो मापानें मोजला जाई. १८७० नंतर हळूहळू त्याची जागा ‘कोप्रा’ घेतो व तो वजनानें मोजला जातो. हा भेद केवळ मालाच्या नांवाचा नसून, तेल काढण्याचा धंदा कोणाच्या हातून कोणाच्या हातीं गेला याचा तो पुरावा होय, असें आमचें मत आहे.

या बेटांत नारळ हें केवळ अन्न नव्हतें. सुवासिक फुलें मुरविलेलें तेल अंगास व केसांस लावण्याची ताहितींतील चाल जुनी आहे. त्या तेलास तेथें मोनोई म्हणतात. हवाईंत कुकुईच्या तेलकट बिया नारळीच्या हिरांत ओंवून दिव्याऐवजीं जाळीत. १८१८ सालीं दुसऱ्या पोमारे राजाच्या आश्रयानें मिशनच्या साह्यार्थ मंडळी स्थापन झाली, तेव्हां लोकांची वर्गणी मुख्यत्वें तेलाच्या रूपानें जमा होऊं लागली. तें तेल वेळूच्या नळ्यांत भरून आणीत. खवलेलें खोबरें लांकडी डोणींत घालून उन्हांत कुजूं द्यावयाचें व सुटेल तें तेल काढून घ्यावयाचें, अशी रीत होती. त्यामुळें तेल थोडें निघे व त्यास उग्र वास येई.

इकडे युरोपांत गिऱ्हाईक वाढत होतें. १८४० सालीं लंडनच्या प्राइस कंपनीनें नारळतेलाचा घन अंश मिसळून वात न कातरतां जळणारी मेणबत्ती काढली. या तेलाच्या साबणास खाऱ्या पाण्यांतहि फेंस येतो, म्हणून खलाश्यांत त्याची चहा होती. साबण करतांना सुटणारें ग्लिसरीन १८६७ नंतर डायनामाइटच्या कामीं येऊं लागलें. यांतील एकहि उपयोग खाण्याचा नव्हे.

१८६० च्या दशकाच्या अखेरीस हांबुर्गच्या गोडेफ्रॉय पेढीचा सामोआंतील मुखत्यार थेओडोर वेबर यानें तेलाऐवजीं सुकें खोबरेंच जहाजावर चढविण्याची रीत पाडली. सुक्या खोबऱ्यांत शेंकडा ६० हून अधिक तेल असतें. तें युरोपांतील यंत्रांवर स्वच्छ निघे, आणि उरलेली पेंड गुरांच्या खाद्यास विकली जाई. १८७९ सालीं पेढी बुडाली, परंतु रीत टिकली. बेटवाल्यांच्या हातीं नारळ फोडणें व सुकविणें एवढेंच उरलें. तेल आणि पेंड या दोहोंचा नफा परदेशीं गेला.

‘कोप्रा’ हा शब्दहि त्या बेटांचा नव्हे. मलयाळममधील ‘कोप्परा’ पोर्तुगीजांच्या तोंडीं बसून तिकडे पोंचला. आपलें ‘खोबरें’ त्याचेंच सगोत्र दिसतें.

गेलेला धंदा अडचणीच्या काळीं परतूं शकतो, हें बूगनव्हिल बेटानें दाखविलें. १९८९ सालीं तेथील पांगुना खाण बंद पडली व १९९० त पापुआ न्यू गिनीनें नाकेबंदी केली. डिझेल मिळेना, तेव्हां लोकांनीं घरीं काढलेल्या नारळतेलावर मोटारी व वीजयंत्रें चालविलीं.

तेव्हां अशा व्यापाराचे कागद संग्रहीं असणारांस आमची एवढीच विनंति कीं, मालाच्या किंमतीबरोबर त्याचें माप कीं वजन, हेंहि टिपून ठेवावें. कारागिरी कोणाकडे होती, हें तेवढ्यावरून कळतें.