उतरलेली पट्टी : वयस्क गायकांच्या मंचीय गायनाच्या अभ्यासाकडे

साठी ओलांडलेला गायक मंचावर आला की बैठकीत दोन शेरे हमखास ऐकू येतात. कुणी म्हणतं, ‘‘आवाज गेला बुवांचा.’’ कुणी म्हणतं, ‘‘या वयात काय गातात!’’ दोन्ही मनापासूनचे असतात, पण दोहोंमुळे अभ्यास अडतो. गळा बदलल्यावर गायक गाण्याची मांडणी कशी बदलतो, हा आपला प्रश्न. त्याच्याकडे संगीतातून येता येतं, वैद्यकातून येता येतं, नाटक किंवा लोकसाहित्याच्या अभ्यासातूनही येता येतं. नव्याने येणाऱ्याने एवढंच सोबत ठेवावं : निकाल देण्याची घाई नको.

आधी शरीर. वयानुसार स्वरयंत्राच्या कूर्चा कडक होत जातात, स्वरतंतूंचा स्नायू बारीक होतो, वरचं आवरण कोरडं पडतं. तंतू पुरते मिटत नाहीत. फटीतून हवा निसटते आणि आवाजात खरखर येते. फुप्फुसांची ताकद घटल्याने लांब तान मध्येच तुटते. पुरुषांचा बोलण्याचा स्वर उतारवयात बहुधा किंचित चढतो, स्त्रियांचा रजोनिवृत्तीनंतर उतरतो. म्हणजे ‘वय झालं’ या दोन शब्दांखाली वेगवेगळे बदल दडलेले असतात.

रॉक संगीतात हे बदल लगेच उघडे पडतात, कारण तरुणपणीची ध्वनिमुद्रिका श्रोत्याला तोंडपाठ असते. पॉल मॅकार्टनी जून 2022 मध्ये, ऐंशी पूर्ण झाल्यावर आठवड्याभरात, ग्लास्टनबरीच्या महोत्सवात गायले. वाद्यं अर्ध्या स्वराने उतरवणं, वरची ओळ साथीदारांना देणं, ध्रुवपद श्रोत्यांकडून गाऊन घेणं या त्या जगातल्या रुळलेल्या युक्त्या. आपल्याकडेही दाखले आहेत. बालगंधर्व (1888–1967) पन्नाशीनंतरही रंगमंचावर स्त्रीभूमिका करीत राहिले. आशा भोसले यांनी 8 सप्टेंबर 2023 रोजी, नव्वदाव्या वाढदिवशी, दुबईत जाहीर कार्यक्रम केला. शाहीर विठ्ठल उमप (1931–2010) यांनी नागपुरात दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमातच अखेरचा श्वास घेतला.

पण या प्रश्नाची खरी प्रयोगशाळा आपल्या दारात आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातली झाडीपट्टी रंगभूमी दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, दिवसांत जागी होते आणि होळीच्या आसपास थंडावते. वडसा हे तिचं मोठं केंद्र. नाटक रात्री उशिरा उघडतं आणि पहाटेपर्यंत चालतं. थंडी, धूळ आणि जागरण हे तिन्ही गळ्याचे वैरी एकाच मंडपात भेटतात. अशा रात्री मुरलेला गायकनट काय करतो, ते पेटीवाल्याशेजारी बसून पाहावं. पहिल्या अंकातलं पद तो जुन्याच पट्टीत घेतो. पहाटेच्या पदाआधी नुसती नजर देतो. पेटीवाला काळी दोनवरून पांढरी दोनवर येतो. अंतऱ्यातली चढती ओळ नट अर्धी गातो, अर्धी संवादासारखी बोलतो. श्वास घ्यायचा तेवढा वेळ तबलजी तुकड्याने भरून काढतो. प्रेक्षक ‘वन्समोअर’ देतात. गायकाच्या गळ्याची घट अशी तिघांत वाटली जाते. म्हणूनच माझं म्हणणं आहे की वयस्क गायकाचं मंचावरचं गाणं एकट्याच्या गळ्यात शोधू नये. ते साथसंगत आणि श्रोते यांच्यासह मोजावं.

हे टिपण ज्या राजुऱ्यातून लिहिलं आहे, तो झाडीपट्टीचा गाभा नव्हे. एकेकाळी निजामाच्या राज्यात, अदिलाबाद जिल्ह्यात असलेला हा वर्धा नदीपलीकडचा तालुका. इथे मराठी, तेलुगू आणि गोंडी गाणं शेजारी शेजारी नांदतं. त्यामुळे तुलनेला ही जागा सोयीची. तुकडोजी महाराजांची भजनं खंजिरीवर म्हणणाऱ्या मंडळात घट वेगळ्या रीतीने झाकली जाते : म्हातारा बुवा ओळ फक्त सुरू करून देतो, उरलेली मंडळ उचलतं. एकट्याने पद पेलणारा नट आणि झेल घेणारं मंडळ यांचं वय सारखंच ऐकू येईल का, हे इथे तपासता येईल.

सुरुवात साधीच करावी. एकाच गायकाचं एकच पद हंगामाच्या आरंभी, मध्यावर आणि शेवटी ध्वनिमुद्रित करावं. पट्टी, लय, श्वासाच्या जागा आणि गाळलेल्या ओळी टिपाव्यात. गायकाला विचारण्याआधी पेटीवाल्याला विचारावं. पट्टी कोणत्या वर्षी उतरली हे त्याच्या बोटांना ठाऊक असतं. परवानगी मागूनच ध्वनिमुद्रण करावं, कारण उतरलेल्या आवाजाची नोंद पुढच्या हंगामाच्या मानधनावर बेतू शकते. 2023 मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा या रंगभूमीकडे राज्याचं लक्ष गेलं. त्या लक्षाचं रूपांतर नोंदींत करायचं काम जिल्ह्यातल्या विद्यार्थ्यांचं. गडचिरोलीत 2011 पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, गावोगावी मंडप आहेत आणि चाळीस-चाळीस हंगाम गायलेली माणसं अजून गात आहेत. येत्या मंडईपासूनच कामाला लागावं.

राजुरा, जि. चंद्रपूर