केवल, मिश्र, संयुक्त

वैजापूरच्या कोणत्याही शाळेत किंवा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत वाक्याचे प्रकार विचारले, तर उत्तर ठरलेले येते: केवल, मिश्र आणि संयुक्त. इंग्रजीच्या तासाला हेच तीन प्रकार सिंपल, कॉम्प्लेक्स आणि कंपाउंड या नावांनी पुन्हा समोर येतात. दोन्ही विषयांत हिशेब जुळतो, म्हणून भाषेची घडणच अशी तिहेरी असणार, असे विद्यार्थी धरून चालतो. या समजुतीला इतिहासाचा आधार फारसा नाही. हे वर्गीकरण मराठीच्या निरीक्षणातून आले त्यापेक्षा परीक्षेच्या गरजेतून जास्त आले, आणि त्याला शालेय रूप मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, तेही परदेशात. हे तपासायला वैजापूर सोयीचे आहे. तालुक्याच्या पश्चिमेला येवला आणि गोदावरीपलीकडे कोपरगाव ही मुंबई इलाख्याची हद्द. वैजापूर मात्र निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. दोन्हीकडची बोली जवळजवळ एकच, सोयरीकही एकमेकांत. पण पोर शाळेत गेले, की त्याला वाक्य फोडायला शिकवणारी विद्या दोन वेगळ्या राजधान्यांतून यायची.

आपल्याकडे व्याकरणाची परंपरा अडीच हजार वर्षांची, तेव्हा वाक्यप्रकारही तिथलेच असतील, हा आक्षेप आधी विचारात घ्यायला हवा. पाणिनीने वाक्याची व्याख्या केलेली नाही. कात्यायनाने ती केली. ज्यात एकच क्रियापद असते ते वाक्य, असा तिचा आशय. वरवर पाहता ही आजच्या केवल वाक्याचीच व्याख्या वाटते. पण कात्यायनाला ती हवी होती वेगळ्याच कामासाठी. एका वाक्यात कोणत्या पदाचा स्वर पडतो आणि ‘तू’, ‘मी’ या सर्वनामांची आखूड रूपे कुठे चालतात, हे ठरवण्यासाठी वाक्याची हद्द आखणे त्याला भाग होते. मीमांसकांनी ती हद्द अर्थावरून आखली: सगळ्या पदांचा मिळून एक अर्थ असावा आणि तोडल्यास त्यांना एकमेकांची अपेक्षा उरावी. भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’च्या दुसऱ्या कांडात वाक्य म्हणजे काय याविषयीची आठ मते मांडली. एवढा खल झाला, पण तो सगळा वाक्याच्या स्वरूपाचा. वाक्यांची प्रकारवारी लावून मुलांकडून घोकून घ्यावी, असे यांपैकी कोणालाही वाटले नाही.

याच जिल्ह्यातल्या पैठणची एक आख्यायिका इथे उपयोगी पडते. ‘कथासरित्सागरा’त सातवाहन राजा जलक्रीडेत राणीचा संस्कृत संधी चुकीचा फोडतो, ती पाणी उडवू नका म्हणते आणि हा मोदक मागवतो. लाजलेल्या राजाला सहा महिन्यांत व्याकरण शिकवण्याची पैज शर्ववर्मा घेतो आणि त्यासाठी कातंत्र रचतो. गोष्टीची सत्यता बाजूला ठेवू. पण कातंत्र हे खरोखर झटपट शिकण्यासाठी केलेले, म्हणजे आजच्या भाषेत शालेय, व्याकरण आहे. त्यात संधी, नाम, आख्यात आणि कृत् अशी प्रकरणे आहेत, वाक्यप्रकारांचे प्रकरण नाही. महानुभावांकडेही तेच दिसते. भीष्माचार्यांचे ‘पंचवार्तिक’ हे मराठीचे आद्य व्याकरण मानले जाते, आणि त्याची प्रेरणा चक्रधरांच्या वचनांचा अर्थ नेमका लावण्याची होती.

लेखनातही वाक्य वेगळे उठून दिसत नव्हते. मोडीच्या कागदावर शब्द तोडून लिहिण्याची रीत नव्हती, विरामचिन्हे नव्हती. पत्रातला मजकूर ‘ऐसियास’ आणि ‘म्हणोन’ यांच्या आधाराने पुढे सरकायचा आणि ‘कळावे’वर थांबायचा. एक वाक्य कुठे संपले हे वाचणाऱ्याला अर्थावरून उमगायचे, डोळ्यांना दिसायचे नाही. मेजर थॉमस कँडी यांनी 1850 मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ काढली आणि पूर्णविराम मराठी छापखान्यात रुळला, तेव्हा वाक्य हे मोजता येण्याजोगे एकक झाले. त्यापूर्वी वाक्ये मोजून त्यांचे प्रकार पाडायला शाळेत बसलेल्या मुलाला आधारच नव्हता. वाक्यपृथक्करणाच्या इतिहासात कँडींचे नाव क्वचितच घेतले जाते. माझ्या मते ते पहिल्या पानावर हवे.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ त्याआधीचे, 1836 चे. त्याच्या घाटावर लिंडले मरेच्या इंग्रजी व्याकरणाची छाप आहे, आणि या मरेकडे 1795 मध्ये वाक्याचे प्रकार दोनच होते: सिंपल आणि कंपाउंड. आज आपण ज्याला मिश्र म्हणतो, तेही त्याच्या कंपाउंडच्याच पोटात जात होते. तिसरा प्रकार शाळेत स्थिर झाला तो जर्मनीकडून. कार्ल फर्डिनांड बेकर या मूळच्या वैद्याने अशी मांडणी केली की गौण वाक्य हे एखाद्या शब्दजातीचेच काम करते. नामाचे, विशेषणाचे किंवा क्रियाविशेषणाचे. आपली नामवाक्य, विशेषणवाक्य आणि क्रियाविशेषणवाक्य ही त्रयी या विचाराचीच. इंग्लंडमध्ये जे. डी. मोरेल यांनी 1852 च्या आपल्या वाक्यपृथक्करणाच्या पुस्तकातून ती पसरवली. मोरेल हे शाळातपासनीस होते, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. तपासनिसाला असा प्रश्न हवा असतो ज्याचे उत्तर बरोबर की चूक हे क्षणात ठरते. मुंबईत 1855 मध्ये शिक्षणखाते आले, 1857 मध्ये विद्यापीठ आले, आणि मॅट्रिक ही नोकरीची पायरी झाली. अशा व्यवस्थेला वाक्यपृथक्करणाचा तक्ता हवाच होता. पुढे उत्तर हिंदुस्थानात शिक्षणाधिकारी असलेल्या जे. सी. नेसफील्ड यांची 1890 च्या दशकातली पुस्तके आणि नंतर रेन आणि मार्टिन यांचे पुस्तक, यांनी हा तक्ता इतका पक्का केला की तो इंग्रजीच्या स्वभावाचाच भाग वाटू लागला. यातले रेन म्हणजे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी करून गेलेले, ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारे पी. सी. रेन.

हे सगळे येवल्या-कोपरगावच्या बाजूचे झाले. वैजापूरच्या बाजूला 1880 च्या दशकात राज्यकारभारातून फारसी जाऊन उर्दू आली, शाळेच्या वरच्या वर्गांतही उर्दूच माध्यम होती, आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने तर पदवीपर्यंतचे शिक्षण उर्दूत नेले. उर्दू व्याकरणात वाक्याची जुनी वाटणी अरबीच्या वळणाची होती: जुम्ला इस्मिया आणि जुम्ला फेलिया, म्हणजे नामाधारित आणि क्रियाधारित. गौण-प्रधान हा भेद तिच्या पायाशी नव्हता. गंमत अशी की या उसन्या वाटणीविरुद्धचा खणखणीत आवाज औरंगाबादेत राहणाऱ्या माणसाचाच निघाला. मौलवी अब्दुल हक तिथे शिक्षणखात्यात होते, अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा कारभार तिथूनच पाहत होते, आणि त्यांचे ‘कवाइद-ए-उर्दू’ 1914 मध्ये निघाले. उर्दू ही हिंदुस्थानी कुळातली भाषा, तिच्यावर अरबी व्याकरणाचे साचे लादू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच्या तीनच वर्षे आधी, 1911 मध्ये, मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त आधीच्या वैयाकरणांची झाडाझडती घेतली होती. दोघांची भेट वा पत्रव्यवहार झाल्याचे म्हणण्याचे कारण नाही. पण हद्दीच्या दोन्ही बाजूंना एकाच सुमारास उसन्या साच्यांविषयीचे हे अवघडलेपण प्रकट व्हावे, हे साच्यांबद्दल बरेच सांगून जाते. 1948 मध्ये निजामी संपली, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1967 मध्ये बालभारतीची स्थापना झाली, आणि वैजापूरच्या मुलाच्या हाती कोपरगावच्या मुलाचेच पुस्तक आले. जुम्ला इस्मिया मागे पडला आणि बेकरचा तक्ता जिंकला. गुणावर जिंकला असे मात्र म्हणता येणार नाही. मुंबईचे खाते मोठे होते.

आता मूळ प्रश्न: हा तक्ता मराठीला बसतो का? वैजापूरच्या बाजारपेठेतलेच एक वाक्य घेऊ: ‘कांदा उतरवून, पावती घेऊन, रोटेगावला जाऊन त्याने मनमाडची गाडी धरली.’ चार कामे झाली, तरी पुस्तकाच्या हिशेबाने हे केवल वाक्य, कारण क्रियापद एकच. याहून बोलके उदाहरण: ‘पाऊस आल्यामुळे कांदा भिजला.’ इथे येणारा पाऊस वेगळा, भिजणारा कांदा वेगळा; कर्ते दोन, घटना दोन, त्यांत कार्यकारणाचे नाते. तरी वाक्य केवल. हेच ‘पाऊस आला म्हणून कांदा भिजला’ असे म्हटले की उत्तर लगेच बदलते. ‘भिजलेला कांदा व्यापाऱ्याने घेतला नाही’ हे केवल आणि ‘जो कांदा भिजला, तो व्यापाऱ्याने घेतला नाही’ हे मिश्र. मराठीचा जीव धातुसाधितांत आहे. ऊन, ताना, ल्यावर, लेला, णारा या प्रत्ययांनी ती एका क्रियापदाच्या आत अख्खी हकीकत दुमडते, आणि लीळाचरित्रापासून बखरींपर्यंतच्या गद्यात हे पानोपानी दिसते. ‘तो म्हणाला की’ या वळणातला ‘की’ तर फारसीच्या संगतीने आलेला. जुनी रीत म्हणणे आधी सांगून मग ‘असे म्हणाला’ अशी जोड देण्याची. म्हणजे आजच्या पुस्तकात नामवाक्याचा आदर्श म्हणून जे उदाहरण छापले जाते, त्याचा सांधाही बाहेरचाच.

यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा: व्याख्या क्रियापदावर आधारलेली आहे, ती सर्वत्र सारखीच लावली जाते, मग तक्रार कशाची? सुसंगती मान्य. पण ‘पाऊस आल्यामुळे’ आणि ‘पाऊस आला म्हणून’ यांतला अर्थाचा सांधा एकच असताना जी मोजपट्टी पहिल्याला साधे आणि दुसऱ्याला जोडवाक्य ठरवते, ती मराठी कशी बांधली जाते हे सांगत नाही. शिवाय ज्या इंग्रजीकडून ती घेतली, तिच्या अभ्यासकांनी स्वतःच ती सोडली आहे. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985 च्या बृहद्व्याकरणात धातुसाधितावर उभ्या असलेल्या रचनाही उपवाक्ये म्हणून मोजल्या जातात. आपण मात्र नेसफील्डच्या काळावरच थांबलो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. या तक्त्याने मराठी गद्याला वादविवादाची शिस्त दिली, असे म्हणणारे ‘निबंधमाले’कडे बोट दाखवतील, 1874 पासूनची विष्णुशास्त्री चिपळूणकरांची पल्लेदार वाक्ये, त्यांतली ‘जरी-तरी’, ‘ज्या अर्थी-त्या अर्थी’ची उतरंड इंग्रजी वाचनाशिवाय तशी झाली नसती. हे मला मान्य आहे, आणि याने माझा मुद्दा उलट स्पष्ट होतो. तक्ता मराठीचे वर्णन म्हणून आला खरा, पण काम त्याने नमुन्याचे केले. तो शिकलेल्यांनी जे गद्य लिहिले त्याला तो चांगला बसतो. अग्रलेख, सरकारी पत्रक, निकालपत्र यांतली वाक्ये त्याच्या चौकटीत सहज बसतात. जे गद्य त्याच्या आधीचे आहे, आणि जे बोलणे शाळेच्या बाहेरचे आहे, तिथे तो लंगडतो. मो. रा. वाळंब्यांच्या पुस्तकावर परीक्षेची तयारी करणाऱ्याला याची झळ बसत नाही, कारण प्रश्नासाठी निवडलेली वाक्ये आधीच चौकटीत बसणारी असतात. झळ बसते इंग्रजीच्या तासाला. ‘वडील शेतातून आल्यावर आईने भाकरी टाकल्या’ हे मराठीच्या वहीत केवल ठरलेले वाक्य इंग्रजीत नेले, की तिथे बहुधा कॉम्प्लेक्स होऊन बसते. ‘आल्यावर’चा कर्ता वेगळा काढून त्याला पुरते क्रियापद द्यावे लागते. नेमक्या याच जागी अडखळणाऱ्या मुलाला सांगण्यासारखे मराठी व्याकरणाच्या पुस्तकाकडे काही नसते, कारण त्या वाक्याच्या आत काही शोधण्यासारखे आहे हेच त्या पुस्तकाने धरलेले नाही.