परग्रहवासी आणि परमेश्वर: एका जुन्या वादाचा इतिहास

मागच्या व्याख्यानात आपण कोपर्निकस आणि गॅलिलिओबद्दल बोललो. ते संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, ''समजा उद्या दुसऱ्या ग्रहावर आपल्यासारखे विचार करणारे जीव सापडले, तर देवाचं काय होणार?'' काहीजण हसले. पण हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. युरोपात तो साडेपाचशेहून अधिक वर्षं विचारला जातोय. म्हणून आज आपण भविष्य सांगायचं नाही, मागे वळून बघायचं.

सुरुवात पॅरिसपासून करू. जग एकच असू शकतं, असं ॲरिस्टॉटलचं मत. १२७७ साली पॅरिसच्या बिशपने २१९ विधानं निषिद्ध ठरवली. त्यांत एक विधान असं होतं, की आदिकारण अनेक जगं निर्माण करू शकत नाही. म्हणजे गंमत बघा, अनेक जगांची शक्यता मोकळी झाली ती चर्चच्याच आदेशामुळे. देवाला मर्यादा घालणारे तुम्ही कोण, असा तो सूर होता.

पुढे पंधराव्या शतकात विल्यम व्होरिलाँग नावाच्या फ्रान्सिस्कन पंडिताने नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. दुसऱ्या जगात माणसं असतील, तर ख्रिस्ताने या पृथ्वीवर दिलेल्या बलिदानाने त्यांचाही उद्धार होईल का? त्याचं उत्तर होतं, होईल. मात्र त्यासाठी ख्रिस्ताने तिथे जाऊन पुन्हा मरणं उचित नव्हे. इथे अडचण देवाच्या अस्तित्वाची नव्हतीच. अडचण होती ती एकाच ठिकाणी, एकदाच घडलेल्या घटनेची.

आता ब्रूनोचं नाव निघणारच. त्याला १६०० साली रोममध्ये जिवंत जाळलं. त्याच्यावरच्या आरोपांत अनंत जगांचं मत होतं, पण ख्रिस्ताचं देवत्व आणि त्रैक्य यांविषयीचे आरोपही होते. त्यामुळे 'परग्रहांपायी बळी' एवढ्यावर ती गोष्ट संपत नाही.

खरा सामना रंगला तो अठराव्या शतकाच्या शेवटी. १७९४ साली थॉमस पेनने 'द एज ऑफ रीझन' लिहिलं. पेन देव मानणारा होता, पण ख्रिस्ती धर्म त्याला पटत नव्हता. त्याचा युक्तिवाद सरळ होता: कोट्यवधी जगं सांभाळणारा ईश्वर ती सगळी सोडून आपल्याच जगात मरायला का येईल? आणि प्रत्येक जगात पाप घडलं असेल, तर त्याच्या पुत्राने जगामागून जग मरतच फिरायचं का? दोन्ही गोष्टी एकाच वेळी मानता येणार नाहीत, असं त्याचं म्हणणं.

याला उत्तर दिलं ग्लासगोच्या थॉमस चामर्सने. हा धर्मोपदेशक. १८१५ पासून त्याने चर्चमध्ये खगोलशास्त्रावर प्रवचनं दिली, ती ऐकायला लोकांची गर्दी व्हायची. १८१७ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. तो म्हणाला, दुर्बीण तुम्हाला विश्व किती मोठं आहे ते दाखवते. पण सूक्ष्मदर्शकही आहे ना? पाण्याच्या थेंबातल्या जिवाची काळजी घेणारा देव पृथ्वी लहान म्हणून तिला विसरेल होय? शिवाय बायबलमधला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून हरवलेल्या एकाला शोधायला जातोच की.

त्या काळी परग्रहवासी मानणं ही धार्मिक माणसाचीच गोष्ट झाली होती. देव एवढे ग्रह रिकामे का ठेवील, हा त्यामागचा विचार. थॉमस डिक या श्रद्धाळू लेखकाने इंग्लंडच्या दाट वस्तीचं माप लावून सूर्यमालेची लोकसंख्या काढली, सुमारे २२ लाख कोटी! आणि ऑगस्ट १८३५ मध्ये न्यूयॉर्कच्या 'सन' वृत्तपत्राने छापलं, की जॉन हर्शेलला चंद्रावर वटवाघळासारखे पंख असलेली माणसं दिसली, चक्क मंदिरही दिसलं. ती निव्वळ थाप होती. पण अनेकांनी ती खरी मानली. चर्च काही ओस पडली नाहीत.

मग १८५३ मध्ये उलटंच घडलं. केंब्रिजचा विल्यम ह्यूएल, स्वतः धर्मगुरू आणि मोठा विद्वान, याने निनावी पुस्तक लिहून परग्रहवासी नाकारले. भूगर्भशास्त्राचा आधार घेऊन तो म्हणाला, पृथ्वी स्वतःच प्रचंड काळ माणसाविना होती. काळ इतका रिकामा जाऊ शकतो, तर अवकाश का नाही? माणसाचं ईश्वराशी असलेलं खास नातं त्याला जपायचं होतं. डेव्हिड ब्रूस्टर या तितक्याच श्रद्धाळू शास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी त्याच्याविरुद्ध पुस्तक काढलं. दोघंही आस्तिक, आणि भांडण परग्रहवासी आहेत की नाहीत यावर!

यातून आपल्याला काय दिसतं? धक्का 'देव आहे' या श्रद्धेला फारसा बसत नाही. तो बसतो 'आम्ही त्याचे खास' या श्रद्धेला. २००८ साली व्हॅटिकनच्या वेधशाळेचे प्रमुख फादर फ्यूनेस म्हणाले, की परग्रहवासी आपले भाऊ असू शकतात. त्यांनीही हरवलेल्या मेंढराचीच गोष्ट काढली. फक्त आता हरवलेलं मेंढरू कदाचित आपणच असू.

आपल्याकडे काहींना वाटेल, आम्हाला काय अडचण? आम्ही देवाला 'अनंतकोटी ब्रह्मांडनायक' म्हणतोच. खरंय, ब्रह्मांडं मोजायला आपण कधी घाबरलो नाही. पण चौऱ्याऐंशी लक्ष योनींनंतर मिळणारा मनुष्यजन्म दुर्लभ, मोक्षाची वाट त्यातूनच, असंही आपण मानतो. मग तिथल्या त्या विचारी जिवाचा जन्म मनुष्यजन्मात धरायचा की नाही? इथे आपल्यालाही थांबून विचार करावा लागेल.

तेव्हा त्या श्रोत्याच्या प्रश्नाला इतिहासाचं उत्तर असं, की देवाचं काय होणार हे बाजूला ठेवा. आपलं काय होणार, हा प्रश्न जास्त अवघड आहे. पुढच्या वेळी आपण डार्विनकडे वळू. तिथेही दुखरी जागा हीच आहे.